औषधांची पिशवी कोणी तपासायची?

बारामतीतील कोणत्याही दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बसावे. जळोचीहून, रुईहून, पलीकडे इंदापूर तालुक्यातील गावांतून आलेली वडीलधारी माणसे बाकावर आपल्या क्रमांकाची वाट पाहत असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या मांडीवर एक पिशवी असते. कधीकाळी कापडाच्या दुकानातून मिळालेली ही पिशवी आता औषधांची झालेली असते. अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीच्या तपासणीचे कागद, बोट भरलेली मलमाची नळी, आणि बहुधा शेजारणीने गुण आला म्हणून दिलेल्या दोन गोळ्याही तीत असतात. पाळी आली की पिशवीतून एक कागद बाहेर निघतो, डॉक्टर तो पाहतात, नवा कागद लिहितात आणि पिशवी एका औषधाने जड होऊन घरी परत जाते.

या संपूर्ण पिशवीत काय आहे, त्यातील कोणते औषध कोणत्या औषधाशी भांडते, कोणते दोनदा घेतले जाते आणि कोणते घ्यावयाचे राहूनच जाते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न विचारला तर आपल्या आरोग्यव्यवस्थेपाशी त्याचे सरळ उत्तर नाही. विशेषज्ञ आपल्यापुरते पाहतो. सर्वसामान्य व्यवसाय करणारा डॉक्टर, म्हणजे ज्याला आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो तो, सगळे पाहू शकेल. पण बाहेर बाकावर तीस-चाळीस माणसे बसलेली असताना त्याला एका रोग्यासाठी पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाही. औषधाच्या दुकानातील माणूस चिठ्ठी वाचतो, पिशवी वाचत नाही. सर्वसामान्य डॉक्टरच्या दवाखान्यात बसून हे काम करणारा माणूस म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. आपल्याकडे हा शब्द अद्याप परका आहे. परंतु ते काम परके नाही आणि त्याची गरज तर मुळीच परकी राहिलेली नाही.

रोग बदलले, दवाखाना तसाच राहिला

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातील दवाखान्यात येणारा रोगी प्रामुख्याने ताप, खोकला, हगवण, जखम किंवा विंचूदंश घेऊन येई. औषध तीन दिवसांचे असे. रोगी बरा होई किंवा मोठ्या रुग्णालयात जाई. आज त्याच बाकावर बसलेल्या माणसाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात किंवा थायरॉइडचा विकार असतो. हे विकार बरे व्हावयाचे नसतात, सांभाळावयाचे असतात, आणि त्यांचे औषध जन्मभराचे असते. एकाच माणसाला यांतले दोन-तीन विकार असणे ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही.

जळोचीचेच पाहावे. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. बाजार समितीचा भाजीपाल्याचा उपबाजार तेथे भरतो. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. ज्या रोग्याला पूर्वी पुण्याची वाट धरावी लागे, त्याला आता जवळच विशेषज्ञ भेटतो, आणि हा लाभ लहान नाही. परंतु डॉक्टरांची संख्या वाढली म्हणजे चिठ्ठ्यांची संख्याही वाढते, आणि एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली असेलच असे नाही.

एका वृद्धेचे उदाहरण घेऊ. ती कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. वाचकांपैकी पुष्कळांना ती आपल्या घरातलीच वाटेल. तिला रक्तदाबासाठी एक गोळी चालू आहे, आणि त्या एका गोळीत दोन औषधे आहेत. त्यांतले एक लघवी वाढविणारे. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी वेदनाशामक दिले होते. गुण आला म्हणून तिने ते पाच महिने दुकानातून आणून घेतले. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर, आणि त्यातही लघवी वाढविणाऱ्या औषधाबरोबर, डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक सतत घेतले तर मूत्रपिंडांवर भार पडतो. उन्हाळ्यात जुलाब होऊन अंगातील पाणी कमी झाले तर हा भार धोक्याच्या पातळीला जातो. मधुमेहासाठी तिला गावातील डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दिले आहे. शहरातील डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने लिहिले. नावे निराळी, रंग निराळा, म्हणून ती दोन्ही घेते. मग एखाद्या पहाटे घाम फुटून ती भोवळून पडते आणि घरचे म्हणतात, वयच झाले.

यात कोणत्याही डॉक्टरने चूक केलेली नाही. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर आहे. चूक दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत आहे, आणि त्या जागेवर कोणी बसलेले नाही.

अशी उदाहरणे आणखी देता येतील. मधुमेहाचे इन्सुलिन आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांमध्ये मिळते आणि त्यांच्या सुया वेगवेगळ्या असतात. शंभराच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सुईने घेतले तर रोग्याला अडीचपट मात्रा मिळते. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते; ते कोणी रोज घेतले तर प्राणावर बेतते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच घेतली तर पहिलीचा उपयोग मोठ्या प्रमाणात वाया जातो. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर हवे. दम्याचा पंप तोंडात धरून ओढावयाची रीत चुकली तर औषध फुप्फुसात न जाता घशातच राहते, आणि रोगी म्हणतो, या पंपाने काही होत नाही. यांपैकी एकही गोष्ट समजावून सांगावयास मोठे यंत्र लागत नाही. फक्त औषध जाणणारा आणि बोलावयास मोकळा असा माणूस लागतो.

कंपाउंडरची खुर्ची

असा माणूस आपल्या दवाखान्यात पूर्वी होता. ज्यांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेले, त्यांना दवाखान्यातील लाकडी फळी आणि तिच्या मागे उभा असलेला कंपाउंडर आठवत असेल. लाल किंवा पांढऱ्या औषधाने बाटली भरून, तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो मात्रेच्या खुणा करून देई आणि पुड्या बांधताना बजावी, ‘ही सकाळी, ही रात्री, आणि औषध हलवून घ्यायचं बरं का मावशी.’ त्याचे शिक्षण पुष्कळदा अनुभवाचेच असे. त्याला औषधशास्त्र किती कळत होते याविषयी शंका घेता येईल. परंतु औषध रोग्याच्या हाती देताना दोन शब्द बोलावे लागतात हे त्याला पक्के कळत होते.

१९४८ चा औषधव्यवसाय कायदा, म्हणजे फार्मसी अ‍ॅक्ट, आला तेव्हा या वर्गाचा विचार त्यात केला गेला. प्रथम नोंदवहीत नाव घालताना, रुग्णालयात किंवा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्या माणसांनाही वाट मोकळी ठेवली होती. त्याच कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमाने डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता मर्यादित केला. मात्र डॉक्टर आपल्या स्वतःच्या रोग्यांना औषध देत असेल तर त्याला या कलमातून सूट दिली. ही सूट त्या काळी आवश्यकच होती. खेडोपाडी फार्मासिस्ट होता कोठे? पण तिचा एक परिणाम असा झाला की, सर्वसामान्य डॉक्टरच्या दवाखान्यात शिकलेल्या फार्मासिस्टला जागाच उरली नाही. तो गेला औषधांच्या दुकानात. कारखान्यांतून तयार गोळ्या येऊ लागल्या आणि बाटलीत मिश्रण करण्याचे कामही संपले. कंपाउंडरची खुर्ची रिकामी झाली, आणि तिच्याबरोबर ते दोन शब्दही गेले.

दुकानात गेलेल्या फार्मासिस्टचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर माणूस दुसरा, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की, २०११ ते २०१४ या काळात महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला गेला, तेव्हा राज्यभर वादळ उठले आणि दुकाने बंद ठेवण्यापर्यंत पाळी आली. कायद्यात मुळापासून असलेली एक अट पाळा म्हणणे हे आंदोलनाचे कारण व्हावे, यातच त्या व्यवसायाची अवस्था दिसून येते. अर्थात, प्रामाणिकपणे फळीमागे उभे राहणारे फार्मासिस्टही पुष्कळ आहेत, त्यांच्यावर अन्याय होऊ नये. परंतु त्यांचीही अडचण आहेच. दुकानाची मिळकत विकलेल्या मालावर असते. रोग्याला ‘हे औषध घेऊ नका’ असे सांगून मिळकत होत नाही.

कायदा पुढे, व्यवहार मागे

कागदावर आपण मागे आहोत असे मुळीच नाही. भारतीय औषधव्यवसाय परिषदेने २०१५ साली केलेल्या विनियमांत फार्मासिस्टने चिठ्ठी तपासावी आणि रोग्याला सल्ला द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. औषधाचे नाव, मात्रा, ते कशासाठी, कसे व किती दिवस घ्यावे, कोणते त्रास संभवतात, ते कसे साठवावे, एखादी वेळ चुकली तर काय करावे, हे सारे त्या सल्ल्यात येते. २००८ पासून डॉक्टर ऑफ फार्मसी हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या देशात सुरू आहे आणि त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे असते. वॉर्डात रोग्याजवळ उभे राहून औषधांचा विचार करावयास या मुलामुलींना शिकविले जाते. औषधांचे दुष्परिणाम नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला.

एवढे सगळे असून जळोचीच्या वृद्धेची पिशवी न उघडताच घरी जाते, याचे कारण उघड आहे. शिकलेल्या माणसासाठी आपण जागा निर्माण केली नाही. सहा वर्षे शिकून बाहेर पडलेल्या अनेकांना औषधकंपन्यांच्या कचेऱ्यांत संगणकापुढे बसून परदेशांतील दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे काम मिळते, किंवा ते परदेशी जातात. त्यांच्या ज्ञानाचा उपयोग होतो. पण ज्या रोग्यांसाठी ते ज्ञान दिले त्यांना होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी असतो खरा, पण साठ्याच्या नोंदी, मागणीपत्रे आणि खिडकीपुढील रांग यांतच त्याचा दिवस संपतो. खिडकी एवढीशी असते की तिच्यातून गोळ्या तेवढ्या बाहेर येऊ शकतात, संभाषण नाही.

इंग्लंडने ही गोष्ट कशी हाताळली ते पाहण्यासारखे आहे. तेथे सर्वसामान्य डॉक्टरांची कमतरता भासू लागली तेव्हा २०१५ मध्ये काही दवाखान्यांत क्लिनिकल फार्मासिस्ट नेमण्याचा प्रयोग सरकारी आरोग्यसेवेने केला आणि २०१९ पासून अशा नेमणुकांसाठी देशभर निधी देण्यास सुरुवात केली. हा फार्मासिस्ट औषधे विकत नाही. तो दवाखान्यात स्वतंत्र वेळ देऊन रोग्याला बसवतो, त्याची सगळी औषधे पाहतो, आवश्यक त्या तपासण्या झाल्या आहेत की नाही हे पडताळतो आणि बदल सुचवितो. या कल्पनेला संशोधनाचा आधार आधीच मिळालेला होता. इंग्लंडमधील ७२ दवाखान्यांत झालेल्या आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, केवळ संगणकाने चुका दाखवून दिल्या त्यापेक्षा फार्मासिस्टने दवाखान्यात जाऊन डॉक्टरांबरोबर त्या सोडविल्या तेथे धोक्याची औषधयोजना लक्षणीय प्रमाणात कमी झाली. पूर्वी जठरव्रण झालेल्या माणसाला संरक्षक औषधाशिवाय वेदनाशामक देणे, दम्याच्या रोग्याला दमा वाढविणारे रक्तदाबाचे औषध देणे, वृद्धांना लघवीची औषधे देऊन रक्ताची तपासणी न करणे, अशा साध्या साध्या चुका त्यात मोजल्या होत्या. त्या इंग्लंडमध्ये होतात तर बारामतीत होत नसतील असे समजण्याचे कारण नाही.

आक्षेप आणि त्यांचे मोल

या सूचनेवर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. आपल्या औषधयोजनेवर दुसऱ्या कोणी बोट ठेवावे, तेही रोग्यासमक्ष, हे कोणत्याही डॉक्टरला रुचणार नाही. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु क्लिनिकल फार्मासिस्ट निदान करीत नाही आणि डॉक्टरला डावलून औषध बदलीत नाही. तो आपले म्हणणे डॉक्टरपुढे मांडतो; निर्णय डॉक्टरचाच राहतो. शस्त्रक्रिया करणारा सर्जन भुलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून शस्त्रक्रिया पुढे ढकलतो, तेव्हा त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. औषधांच्या बाबतीतही अशी रीत पडू शकते. मात्र ती पडावयाची तर मतभेद रोग्यासमोर नव्हे, आत बसून मिटविले पाहिजेत.

दुसरा आक्षेप पैशाचा. जळोचीसारख्या ठिकाणी एकट्या डॉक्टरला फार्मासिस्टचा पगार कसा परवडावा? एकट्याला परवडणार नाही, हे मान्य. पण चार-पाच डॉक्टरांनी मिळून एकाला नेमले आणि त्याने प्रत्येकाकडे आठवड्यातून एक दिवस बसावयाचे ठरविले तर भार वाटला जाईल. पाचांहून अधिक औषधे घेणारे, साठीपुढचे, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि नुकतेच रुग्णालयातून घरी आलेले, एवढेच रोगी त्याने पाहिले तरी पुष्कळ झाले. दुसरीकडे खर्चाचा हिशेब मांडताना, दोनदा घेतलेल्या औषधाचा, निरुपयोगी शक्तिवर्धक बाटल्यांचा आणि टाळता आला असता अशा रुग्णालयातील मुक्कामाचा खर्चही मांडावयास हवा. तो खर्च आज रोग्याच्या घरातून होतो आणि ऊसबिलातून फेडला जातो, म्हणून तो कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

तिसरा आक्षेप रोग्याच्या बाजूचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. आपला रोगी डॉक्टरचे ऐकतो. इतरांचे तो का ऐकेल? शिवाय इंग्लंडात रोग्याची सगळी नोंद दवाखान्याच्या संगणकात असते, आपल्याकडे ती पिशवीत असते. हे खरे आहे. पण म्हणूनच आपल्याकडे कामाची सुरुवात पिशवीपासून झाली पाहिजे. ‘पुढच्या वेळी घरातली सगळी औषधे घेऊन या, आयुर्वेदिक असोत की दुकानातून आणलेली असोत, एकही ठेवू नका,’ असे डॉक्टरांनी स्वतः सांगावे आणि ती पिशवी टेबलावर रिकामी करून फार्मासिस्टने एकच स्वच्छ यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य-चंद्राच्या खुणा कराव्यात. ती यादी घेऊन रोगी पुण्याला जावो की मुंबईला, पुढच्या डॉक्टरला सारे एका दृष्टिक्षेपात कळेल. डॉक्टरांच्या शब्दाने पाठविलेल्या माणसावर रोगी विश्वास ठेवतो, असा कंपाउंडरच्या काळापासूनचा आपला अनुभव आहे.

सुरुवात कोठे करावी

बारामतीत यासाठी लागणारे बहुतेक सर्व आहे. वैद्यकीय महाविद्यालय आहे. माळेगावला शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या विश्वासातले सर्वसामान्य डॉक्टर आहेत. औषधशास्त्राच्या पदविकेच्या विद्यार्थ्याला ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावेच लागते. त्यांतील काही तास अनुभवी अध्यापकाच्या देखरेखीखाली जळोचीतील एखाद्या दवाखान्यात पिशव्या उघडण्यात गेले तर विद्यार्थ्याला पुस्तकात न मिळणारे शिक्षण मिळेल आणि दवाखान्याला फुकट मदत. हंगामात कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या ऊसतोड कामगारांमध्ये क्षयरोगाचे वा रक्तदाबाचे रोगी असतात आणि गाव सुटले की त्यांची औषधे तुटतात. त्यांच्या कोप्यांवर जाऊन औषधे चालू आहेत की नाहीत एवढे जरी पाहिले, तरी ते मोलाचे काम होईल.

शासनाने करावयाची गोष्ट एकच, पण अवघड आहे. आरोग्य केंद्रातील औषधनिर्माण अधिकाऱ्याला साठ्याच्या नोंदींतून थोडे सोडवून, आठवड्यातून निदान एक दिवस खिडकीबाहेर, रोग्याशेजारच्या खुर्चीवर बसविले पाहिजे. उपजिल्हा रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्टचे पद निर्माण झाले तर रुग्णालयातून घरी जाणारा प्रत्येक रोगी आपल्या गावच्या डॉक्टरसाठी औषधांचा नीट कागद घेऊन जाईल.

हे होईपर्यंत वाचकांच्या हातीही काही आहे. ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत अशा शिक्षकांनी, कारकुनांनी, महाविद्यालयीन मुलामुलींनी येत्या रविवारी घरातील ती पिशवी चटईवर रिकामी करावी. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढाव्यात. पट्टीवर छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे आणि एकच नाव दोन पट्ट्यांवर आढळले तर त्यावर खूण करावी. मात्र स्वतःच्या मताने एकही औषध बंद करू नये. सगळ्यांची यादी करून ती आपल्या डॉक्टरांना दाखवावी. ही यादी करताना आपल्याला किती प्रश्न पडले, हे ज्याचे त्याला कळेल. तेच प्रश्न विचारण्यासाठी दवाखान्यात एक माणूस असावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.